लघुउद्योगांची बोधचिन्हे : दोष आणि दुरुस्ती

राज्याच्या ग्रामीण भागात मसाले, पापड, लोणची, काकवी, भगर, मध, कोकम सरबत असे पदार्थ तयार करणारे छोटे उद्योग आता गावोगावी दिसतात. महिला बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि घरगुती उद्योजक आपला माल सुटा न विकता पाकिटात घालून विकू लागले आहेत. पाकीट आले की त्यावर नाव आले आणि नावासोबत चित्रही आले. या चित्राला किंवा विशिष्ट वळणात लिहिलेल्या नावाला बोधचिन्ह म्हणतात. मालाची चव, त्याचा दर्जा, कच्च्या मालाचा भाव या गोष्टींवर गटाच्या बैठकीत तासन् तास चर्चा होते. बोधचिन्ह मात्र बहुधा छपाईच्या आदल्या दिवशी, छापखान्यातील संगणकासमोर उभे राहून अर्ध्या तासात ठरते.

या घाईची किंमत पुढे मोजावी लागते. जत्रेत किंवा मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात पहिले पाकीट विकले जाते ते विक्रेत्या भगिनीच्या बोलण्याने आणि चव घ्यायला दिलेल्या चिमूटभर चटणीने. दुसरे पाकीट विकण्यासाठी ती तेथे नसते. महिनाभराने तोच मसाला ग्राहकाला पुन्हा हवासा वाटला, तर त्याच्या स्मरणात नाव अथवा चित्र यांपैकी काहीतरी राहिलेले असावे लागते. ते राहिले नसेल, तर चांगला माल करूनही गट प्रत्येक प्रदर्शनात नव्याने पहिल्या पायरीवर उभा राहतो. म्हणून बोधचिन्हाचा प्रश्न हा केवळ सजावटीचा प्रश्न नसून दुसऱ्या खेपेच्या विक्रीचा प्रश्न आहे.

छापेची जुनी ओळख

मालावर खूण करण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा पहिला कारखाना काढला. त्या पद्धतीची कौले पुढे किनारपट्टीवर सर्वत्र पसरली. कोकणातील जुन्या घराचे कौल उलटून पाहिले, तर कारखान्याचे नाव आणि खूण मातीत उठवलेली दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ठाणांवर देवदेवता, हत्ती, वाघ, राजेरजवाडे यांची रंगीत चित्रे चिकटवलेली असत. ज्या ग्राहकाला अक्षरओळख नव्हती तो चित्र पाहून कापड मागत असे. 'घोडा छाप', 'पोपट छाप' अशी मालाची नावे बाजारात रुळली ती याच व्यवहारातून. काड्यापेटी, विडी, तपकीर, साबण या सर्व वस्तूंनी ही रीत उचलली.

या जुन्या छापांकडे आज पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. चित्र कितीही रंगीत असले, तरी मागण्याची गोष्ट एकच असे: एक घोडा, एक पोपट, एक किल्ली. गिऱ्हाइकाला तोंडाने सांगता येईल असे ते चित्र होते. आजच्या पुष्कळशा बोधचिन्हांना हीच कसोटी लावली तर ती टिकत नाहीत. दुकानदाराला काय सांगावयाचे? 'ते सूर्याचे, डोंगराचे, दोन हातांचे, पानाचे आणि खाली बाईचे चित्र असलेले पाकीट द्या', असे कोणी म्हणत नाही.

भाराभर चिंध्या

सर्वाधिक आढळणारा दोष गर्दीचा होय. गटात दहा सभासद असतात आणि प्रत्येकीचे एक मत असते. एकीला कलश हवा, दुसरीला तुळशीवृंदावन, तिसरीला लाल मिरची, चौथीला जोडलेले हात. कोणाचे मन मोडू नये म्हणून सर्वच चित्रे एका वर्तुळात बसवली जातात. वर्तुळाच्या कडेने गटाचे पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा येतो. अधिक जागा उरली तर भ्रमणध्वनी क्रमांकही येतो. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी त्या चिन्हाची गत होते. संगणकाच्या पडद्यावर मोठे करून पाहताना ते शोभिवंत दिसते. पन्नास ग्रॅमच्या पाकिटावर तेच चिन्ह अंगठ्याच्या नखाएवढे झाले की एक लालसर डाग तेवढा शिल्लक राहतो.

दुसरा दोष रंगांचा. गडदपासून फिकट होत जाणाऱ्या छटा, सोनेरी चकाकी, अक्षरांमागची सावली हे सर्व फ्लेक्सच्या फलकावर फुकट मिळते, कारण तेथे यंत्र चित्र जसेच्या तसे छापते. तथापि प्लॅस्टिकच्या पिशव्यांवरील छपाईत प्रत्येक रंगासाठी निराळा सिलिंडर अथवा प्लेट करावी लागते. कापडी पिशवीवर छापताना प्रत्येक रंगाला स्वतंत्र पडदा लागतो. पाच रंगांचे चिन्ह म्हणजे पाचपट तयारी. रबरी शिक्क्यात, पावतीपुस्तकात आणि बिल छापणाऱ्या छोट्या यंत्रात तर काळ्याखेरीज रंगच नसतो. जे चिन्ह काळ्या शाईत उभे राहत नाही ते अर्ध्या कामांना निरुपयोगी ठरते.

तिसरा दोष उसनवारीचा. इंटरनेटवर तयार नमुने विनामूल्य मिळतात. दोन पाने आणि एक थेंब, पृथ्वीच्या गोलाभोवती फिरणारी रेघ, पंख पसरलेला पक्षी हे त्यांपैकी नेहमीचे. 'सेंद्रिय' म्हणून विकला जाणारा गूळ, तेल, खत आणि साबण या चारही वस्तूंवर तीच दोन पाने दिसतात. काही जण याहून पुढे जाऊन नामांकित कंपनीच्या चिन्हाचे रंग व वळण उचलतात आणि नावातील एखादे अक्षर बदलतात. ग्राहकाची क्षणभर फसगत होत असेलही, परंतु कायद्याच्या दृष्टीने ते दुसऱ्याच्या नावाखाली माल खपवणे ठरते, आणि नोटीस आल्यावर छापलेली सर्व पाकिटे रद्दीत काढावी लागतात. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडूनही चिन्हे करून घेण्यात येतात. त्यांतील चित्र पुष्कळदा देखणे असते, मात्र देवनागरी अक्षरांची शिरोरेषा तुटलेली, मात्रा भलतीकडे गेलेली, क्वचित अक्षरच अस्तित्वात नसलेले असे प्रकार त्यांत आढळतात. ते डोळ्यांत तेल घालून तपासले पाहिजेत.

अक्षरांची हेळसांड

छोट्या उद्योगाच्या बाबतीत चित्रापेक्षाही नावाची अक्षरे महत्त्वाची आहेत. वस्तुतः नीट लिहिलेले नाव हेच पुरेसे बोधचिन्ह होऊ शकते. दुर्दैवाने सर्वाधिक हेळसांड अक्षरांचीच होते.

देवनागरीची काही अक्षरे एकमेकांच्या अगदी जवळची आहेत. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ष' आणि 'प' यांतील भेद एखाद्या गाठीचा, तिरक्या रेघेचा किंवा शिरोरेषेतील लहानशा फटीचा असतो. अक्षर फार जाड केले अथवा शिरोरेषा सरसकट जोडून टाकली, की हा भेद बुजतो. उपवासाच्या भगरीचे पाकीट घ्या. शिरोरेषेतील फट मिटली आणि डावीकडची गाठ शाईने भरली, तर 'भगर' ची 'मगर' व्हायला वेळ लागत नाही, आणि उपवासाच्या दिवशी मगर कोणी मागत नाही! 'ख' चे दोन भाग सुटे पडले तर तो 'रव' असा वाचला जातो आणि 'खाद्य' चे 'रवाद्य' होते. गडद रंगावर पांढरी अक्षरे छापताना शाई पसरून अक्षरांच्या बारीक रेघा बुजतात. त्यामुळे हा धोका तेथे दुप्पट होतो.

संगणकाने या अडचणींत एक नवी भर घातली. चित्रे करण्याच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची अक्षरजोडणी आपोआप होत नाही. ती सोय मुद्दाम सुरू करावी लागते. ती सुरू नसली तर 'उद्योग' मधील जोडाक्षर फुटून पाय मोडलेला 'द' आणि वेगळा 'य' उभा राहतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर येते. छापणाऱ्यास मराठी वाचता येत नसेल तर हे तसेच छापले जाते. जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेले नाव दुसऱ्या संगणकावर उघडताच भलतीच चिन्हे उमटतात, हाही अनुभव नेहमीचा आहे.

'ल' आणि 'श' या अक्षरांविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. मराठीतील पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' यांची वळणे हिंदीतील रूढ वळणांहून निराळी आहेत. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी हीच रूपे स्वीकारण्यात आली. शाळेत मूल जो 'ल' गिरवते तोच त्याला गावातील दुकानाच्या पाटीवर दिसावा, ही अपेक्षा गैरवाजवी म्हणता येणार नाही. फाँट निवडताना ही दोन अक्षरे आधी टंकून पाहावीत. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त', 'बालू', 'मोदक' हे अक्षरसंच तसेच 'टिरो देवनागरी मराठी' हा संच खुल्या परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यामुळे पैशाअभावी वाईट अक्षर वापरण्याची वेळ आता कोणावर येऊ नये.

मराठी अक्षरकलेची परंपरा मोठी आहे. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणू रावजी आरू यांनी पाडलेले ठसे एकोणिसाव्या शतकात देशभर वाखाणले गेले. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची शीर्षके अशा वळणांत लिहिली, की वर्तमानपत्रातील जाहिरातीत नुसते अक्षर पाहून नाटकाचा स्वभाव कळावा. त्यासाठी त्यांना चित्राची गरज भासली नाही. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचा 'मंगल' फाँट संगणकाद्वारे घरोघर पोहोचला. फ्लेक्सचा सुळसुळाट होण्यापूर्वी तालुक्याच्या गावातील पेंटरही ब्रशने मोकळे, वाचनीय अक्षर काढीत असत. हा कारागीर आता बाजूला पडला आहे. काही ठिकाणी तो अद्याप आहे. नव्या उद्योजकाने छापखान्यात जाण्यापूर्वी एकदा त्याच्याकडे जाण्यास हरकत नाही.

पाटीवरील नाव

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यामध्ये २०२२ साली करण्यात आलेल्या दुरुस्तीमुळे दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही नामफलक देवनागरी लिपीत मराठीत लावणे बंधनकारक झाले. मराठी नाव आधी असावे आणि त्याची अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत, असे ही तरतूद सांगते. अनेकांनी जुन्या इंग्रजी चिन्हाखाली मराठी नाव कसेबसे कोंबून तिची पूर्तता केली. रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांना वरखाली काही लागत नाही. देवनागरीत शिरोरेषेवर मात्रा व वेलांट्या असतात, खाली उकार असतात. दोन्ही नावांना सारखी उंची दिली तरी मराठी अक्षराचे मूळ अंग बारीक होते व रस्त्यावरून ते वाचता येत नाही. फलक करणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा, की दहा फुटांवरून सहज वाचता येण्यासाठी अक्षर एक इंच उंच असावे. मराठीसाठी ही उंची मात्रा-उकार सोडून मोजावी हे उत्तम.

कायद्याच्या मर्यादा

काही दोष सौंदर्याचे नसून कायद्याचे असतात, आणि त्यांची कल्पना नसल्याने सज्जन माणसेही अडचणीत येतात.

चिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० च्या अनुसूचीत राष्ट्रध्वज, अशोकचक्र, तसेच महात्मा गांधी व छत्रपती शिवाजी महाराज यांची नावे व चित्रे यांचा समावेश आहे. केंद्र शासनाच्या परवानगीवाचून व्यापारासाठी त्यांचा वापर करता येत नाही. महाराजांविषयीच्या आदरापोटी अनेक उद्योजक त्यांचे चित्र पाकिटावर घालतात. ते पाकीट रिकामे झाल्यावर कोठे जाते याचा विचार केला, तर कायद्याचा हेतू समजण्यास अवघड नाही. सिंहमुद्रेच्या वापरावर २००५ च्या स्वतंत्र अधिनियमान्वये बंदी आहे.

औषधांची दुकाने व दवाखाने यांच्या पाट्यांवरील पांढऱ्या पार्श्वभूमीचा लाल क्रॉस हाही असाच प्रकार आहे. युद्धकाळात जखमींचे व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांचे रक्षण व्हावे यासाठी ते आंतरराष्ट्रीय कराराने राखून ठेवलेले चिन्ह असून, जिनीव्हा करार अधिनियम, १९६० नुसार शासनाच्या संमतीवाचून ते वापरता येत नाही. त्याऐवजी काही जण दोन सापांची, पंख असलेली काठी काढतात. ही काठी ग्रीक पुराणातील हर्मीस या देवाची, म्हणजे व्यापाराच्या देवतेची. वैद्यकाची काठी अस्क्लेपियसची. तिला एकच साप असतो व पंख नसतात. औषधविक्री हा व्यापारच आहे असे कोणास वाटत असल्यास गोष्ट वेगळी!

देवादिकांच्या नावांबाबतही एक मर्यादा आहे. अगरबत्तीसाठी 'रामायण' या शब्दावर एकट्याचा हक्क सांगता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. पवित्र ग्रंथाच्या नावावर कोणा एकाची मालकी असू शकत नाही, हे त्यामागील तत्त्व. 'शुद्ध', 'घरगुती', 'गावरान' यांसारखे मालाचे केवळ वर्णन करणारे शब्दही सामान्यतः नोंदले जात नाहीत. 'शुद्ध घरगुती मसाले' हे नाव वापरता येते, परंतु शेजारच्या गावातील गटाने तेच वापरले तर तक्रार करता येत नाही.

याउलट स्वतंत्र, वेगळे नाव किती कामी येते याचे उदाहरण मुंबईत आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. १९६२ मध्ये नाव सुचविण्यासाठी स्पर्धा घेण्यात आली. बक्षीस ५ रुपयांचे होते. त्यातून 'लिज्जत' हे नाव निघाले. तीन अक्षरी, बोलण्यास सोपे आणि त्या वेळी पापडांच्या बाजारात दुसऱ्या कोणाचे नसलेले. ५ रुपयांत याहून चांगला सौदा क्वचितच झाला असेल.

साधेपणाचे नमुने

शासकीय कामातील एक नमुना येथे आठवतो. १९६० च्या दशकात कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी लाल त्रिकोण निवडण्यात आला. दीप त्यागी यांच्या नावाशी ही कल्पना जोडली जाते. टोक खाली असलेला लाल समभुज त्रिकोण, एवढेच ते चिन्ह. कोणताही रंगारी एक पट्टी आणि गेरूचा डबा घेऊन गावच्या भिंतीवर तो काढू शके, आणि कोणत्याही भाषेच्या राज्यात तो तसाच ओळखला जाई. स्टेट बँकेचे १९७१ चे चिन्ह शेखर कामत यांनी केले. निळे वर्तुळ, मध्यभागी एक लहान गोल आणि त्यापासून खाली गेलेली खाच. त्यात एक रेघ कमी करता येत नाही. १५ जुलै २०१० रोजी स्वीकारण्यात आलेले उदय कुमार यांचे रुपयाचे चिन्ह देवनागरी 'र' आणि शिरोरेषा यांच्या आधारावर उभे आहे. मुलांना ते एका दिवसात लिहिता आले.

हे नमुने मोठ्या संस्थांचे आहेत हे खरे. परंतु त्यांचा गुण खर्चात नसून काय सोडून दिले यात आहे, आणि सोडून देण्यास पैसे लागत नाहीत.

गावातच मिळणारी मदत

आपल्या गावी चित्रकला शिक्षक असतो, हे पंचायत सदस्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांत संकल्पचित्र व अक्षरलेखन यांना स्थान आहे. गटाच्या नावासाठी वर्गातील मुलांकडून वीस-पंचवीस आराखडे करून घेतले, तर त्यांतून एखादी चांगली कल्पना निघू शकते आणि मुलांनाही खऱ्या कामाचा सराव होतो. मात्र निवड दहा जणींच्या मतदानावर सोपवू नये. दोन-तीन आराखडे वेगळे काढून ते गटाबाहेरच्या, शक्यतो वृद्ध व अल्पशिक्षित, माणसांना क्षणभर दाखवावेत आणि कागद उलटा करून 'काय पाहिले?' असे विचारावे. ज्याचे उत्तर एका शब्दात मिळेल ते चिन्ह ठेवावे. तेच चिन्ह काळ्या शाईत झेरॉक्स करून, दीड सेंटिमीटर रुंदीचे करून आणि रस्त्याच्या पलीकडून पाहावे. व्हॉट्सॲपच्या लहान गोलात त्याच्या कडा कापल्या जातात काय, हेही बघावे.

पैशाची सोय अगदीच नाही असे नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत गट, सहकारी संस्था व उत्पादक कंपन्यांना नाममुद्रा व विपणनासाठी खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली.

नोंदणी आणि जपणूक

नाव व चिन्ह निश्चित झाल्यावर, पाकिटे छापण्यापूर्वी, व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तेच नाव दुसऱ्या कोणाचे आहे काय याचा शोध घ्यावा. हा शोध विनामूल्य आहे. आधी छपाई आणि मग शोध, हा क्रम म्हणजे आधी कळस मग पाया. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खाली वस्तू व सेवा यांचे ४५ वर्ग करण्यात आले आहेत. मसाले व मध तिसाव्या वर्गात येतात, लोणची एकोणतिसाव्या वर्गात. दोन्ही करणाऱ्या गटाला दोन वर्गांचे शुल्क पडते. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये शुल्क ठरविण्यात आले, इतरांना ९,००० रुपये. अर्ज स्वीकारल्यावर तो व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकत घेण्यास चार महिन्यांची मुदत असते. नोंदणी दहा वर्षांसाठी असून तिचे नूतनीकरण करता येते. चिन्ह रंगाची अट न घालता नोंदविल्यास ते सर्व रंगांसाठी नोंदले गेले असे कायदा मानतो. म्हणजे काळ्या शाईत उभे राहणारे चिन्ह येथेही सोयीचे ठरते. नोंदणी होण्यापूर्वी वर्तुळातील 'आर' हे अक्षर नावापुढे लावणे कायद्याने गैर आहे. तोपर्यंत 'टीएम' लिहिता येते.

चिन्ह बाहेरच्या कलाकाराकडून करून घेतले असेल तर त्याचे सर्व हक्क गटाला दिल्याचे त्याच्याकडून लिहून व सही करून घ्यावे. तोंडी बोलण्याने हा हक्क हस्तांतरित होत नाही. त्यासोबत मूळ फाइलही मागून घ्यावी. मोबाइलवर पाठविलेले छायाचित्र म्हणजे मूळ फाइल नव्हे. ते मोठे केले की कडा फाटतात, आणि दुसऱ्या छापखान्यात गेल्यावर तेथील कारागीर ते अंदाजाने पुन्हा काढतो. असे दोन-तीन वेळा झाले की मूळ चिन्हाची ओळख राहत नाही. रेषास्वरूपातील एसव्हीजी अथवा पीडीएफ फाइल, वापरलेल्या फाँटचे नाव आणि रंगांचे छपाईतील प्रमाण ही तिन्ही गटाच्या दप्तरात, ठरावाच्या वहीसोबत, सचिवांनी जपून ठेवावीत. पदाधिकारी बदलताना ती नव्या सचिवांच्या स्वाधीन करून वहीत तशी नोंद घ्यावी.